चेटो वाढवा, कापा, बाहेर काढा: खाऱ्या टँकचं नायट्रेट-फॉस्फेट आटोक्यात ठेवायची पद्धत

समुद्री माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये रोज जे खाणं पडतं ना, त्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस आपोआप कुठेही जात नाही. मासा थोडा अंगाला लावतो, बाकीचं पाण्यात सोडतो, आधी अमोनिया, बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट, आणि बहुतेक टँकमध्ये गाडी तिथेच अडते. फॉस्फेटचं तर अजून वाईट, ते दगडात आणि वाळूत मुरून बसतं आणि महिन्यांनी परत पाण्यात उतरतं. एवढं जेवण तयार असल्यावर ते कोणीतरी खाणारच, मग ते डिस्प्लेतल्या, म्हणजे वरच्या माशांच्या टँकमधल्या, दगडावरची हेअर अल्गी (केसांसारखं नकोसं शेवाळ) खाणार की खाली सम्पमध्ये, म्हणजे टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत, आपण मुद्दाम ठेवलेलं शेवाळ खाणार, एवढंच आपल्या हातात आहे. म्हणून नायट्रेट चढलं की बाटलीतलं औषध शोधण्याआधी मॅक्रोअल्गी, म्हणजे हाताने उचलता येणारं मोठं शेवाळ, लावा असं मी सगळ्यांना सांगते.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. शेवाळ वाढताना नायट्रेट-फॉस्फेट स्वतःच्या अंगात भरून घेतं, पण ते अंग अजून तुमच्याच पाण्यात आहे. तुम्ही ते कापून टँकबाहेर काढलंत तरच ते गेलं. छान हिरवागार गोळा सम्पमध्ये वर्षभर तसाच ठेवून “माझं नायट्रेट का उतरत नाही” असं विचारणारे खूप भेटतात, आणि उत्तर दरवेळी हेच असतं की कापणी नाही.

कुठलं शेवाळ घ्यायचं

चेटोमॉर्फा, सगळे चेटोच म्हणतात. भांडी घासायच्या हिरव्या नायलॉनच्या घासणीसारखं दिसतं आणि हाताला पण तसंच ताठ-कुरकुरीत लागतं. याला मुळं नाहीत, दगडाला चिकटत नाही, गोळाच्या गोळा उचलता येतो, अर्धा तोडून फेकला तरी उरलेला वाढत राहतो. पहिल्यांदा करत असाल तर दुसरं काही बघूच नका.

कॉलर्पा दिसायला चेटोपेक्षा खूप सुंदर, पानंबिनं असतात, वाढतं पण भराभर, पण मी ते रिफ्युजियममध्ये (सम्पमधला शेवाळाचा कप्पा) ठेवा असं कुणालाच सांगणार नाही. एक तर ते दगडात पाय रोवतं, एक तुकडा डिस्प्लेत गेला की निघता निघत नाही. दुसरं म्हणजे कॉलर्पाची अख्खी फांदी एकच पेशी असते, मधे भिंती नाहीत, आणि ती कधीतरी एका रात्रीत सगळा आतला माल प्रजोत्पादनासाठी पाण्यात सोडते, सकाळी पाणी दुधट, शेवाळ काचेसारखं पांढरं, आणि इतके महिने गोळा केलेलं सगळं परत पाण्यात, वर ऑक्सिजन पण खाली. शिवाय १९८४ मध्ये मोनॅकोच्या समुद्रविज्ञान म्युझियमसमोर कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा छोटासा पट्टा दिसला होता, तो पुढे भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरवर पसरला, २००० साली तेच शेवाळ कॅलिफोर्नियाच्या एका खाडीत सापडलं आणि ते संपवायला तिथल्या लोकांना काही वर्षं लागली. अॅक्वेरियमचं शेवाळ होतं ते. त्यामुळे कुठलंही शेवाळ असो, कापलेला माल नाल्यात, खाडीत, समुद्रात टाकायचा नाही म्हणजे नाही.

उल्वा आणि ग्रॅसिलेरिया पण चालतात, टँग माशांना खायला आवडतात, पण उल्वाला प्रकाश खूप लागतो आणि ग्रॅसिलेरियाला सतत घुसळणारं पाणी, नाहीतर गाळ बसून सडते.

आता कोकणातले किंवा गोव्यातले लोक लगेच म्हणतील की आमच्या खडकांवर भरतीला एवढं हिरवं शेवाळ असतं, तेच आणतो. नका आणू. सोबत खेकडे, किडे, नको ते बीज येतं, किनाऱ्यावरचं तेल-सांडपाणी येतं, आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यातलं शेवाळ कायम पाण्याखाली ठेवलं तर बऱ्याचदा टिकत नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे, तिथून तर काहीच उचलायचं नाही. आणि दगड म्हणून प्रवाळाचा तुकडा उचलणं हा सरळ गुन्हा आहे, दगडी प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्याच यादीत. टँकसाठी कृत्रिम सुका दगड घ्या, बॅक्टेरिया त्यावर पण तितकेच बसतात.

चेटो दुसऱ्या हॉबीवाल्याकडून घ्या, मूठभर पुरतो. आणल्या आणल्या सम्पमध्ये टाकू नका. पांढऱ्या बादलीत टँकचंच खारं पाणी घ्या, त्यात चेटो मोकळा करून जोरात हलवा, तीन-चार वेळा पाणी बदला, आणि उजेडात धागा धागा बाजूला करून बघा. छोटे हिरवे चकचकीत मण्यांसारखे फुगे दिसले तर ते बबल अल्गी, न फोडता तेवढा भाग कापून टाका. छोटं तपकिरी फुलासारखं काही चिकटलेलं असेल तर एप्टेसिया, म्हणजे टँकभर पसरणारं उपद्रवी समुद्रफूल, तो तुकडा सरळ कचऱ्यात. कॉलर्पाची बारीक वेल पण गुंतलेली असते कधी कधी. बादलीच्या तळाशी बारीक जीव उड्या मारताना दिसतील, ते कोपेपॉड-अॅम्फिपॉड, ते चांगले, त्यांना ठेवा, मँडरिनसारखे मासे त्यांच्यावरच जगतात.

जागा, पाणी, लाईट

मी इथे २०० लिटरच्या टँकचा हिशोब धरते, फ्लॅटमध्ये साधारण एवढाच असतो. खाली सम्प, सम्पचे तीन कप्पे: पहिल्यात पाणी उतरतं आणि फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी) आणि स्किमर (फेस करून पाण्यातली घाण उचलणारं यंत्र) असतो, मधला रिफ्युजियम, शेवटच्यात पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप. मधल्या कप्प्याला २० ते ३० लिटर मिळाले तर उत्तम, कमी असेल तरी चालतं, लाईट चांगला असला म्हणजे झालं. चेटोचे सुटे धागे रिटर्न पंपात जातात आणि पंप जाम होतो, म्हणून मधल्या आणि शेवटच्या कप्प्यामध्ये प्लॅस्टिकची जाळी लावाच. सम्प नसेल तर मागे लटकवायचा हँग-ऑन बॉक्स मिळतो, त्यात पण होतं, फक्त गोळा छोटा राहील आणि कापणी लवकर लवकर करावी लागेल.

सम्प काठोकाठ भरू नका. लाईट गेली की पंप थांबतो आणि वरच्या टँकचं ओव्हरफ्लोचं पाणी पाइपातून सगळं खाली येतं, तेवढी रिकामी जागा हवीच, नाहीतर खारं पाणी फरशीवर, सोफ्याखाली, शेजाऱ्याच्या छतात. टँक भरल्यावर पंप मुद्दाम बंद करून बघा पाणी कुठपर्यंत चढतं, आणि तिथे मार्करने रेघ मारून ठेवा.

पाण्याचा वेग किती यावर लोक तासन्‌तास भांडतात, मला विचाराल तर रिटर्न पंपचं सगळं पाणी रिफ्युजियममधून गेलं तरी काही बिघडत नाही. बघायचं एवढंच की चेटोत गाळ अडकून बसतोय का. गोळा पाण्यात हळूहळू गोल फिरत राहिला तर सगळ्यात छान, सगळ्या बाजूंना उजेड मिळतो आणि घाण बसत नाही, त्यासाठी छोटा पॉवरहेड (पाण्यात बुडवून प्रवाह करणारा पंप) तळाला तिरका लावला की काम होतं. फिरत नसेल तर दोन-तीन दिवसांनी हाताने उलटा करा.

लाईट हा या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि लोक नेमकी तिथेच काटकसर करतात. चिमणीएवढा क्लिप लाईट लावून चेटो जिवंत राहतो, वाढत नाही, आणि वाढला नाही तर नायट्रेट खाणार कोण. २०० लिटरला निदान २० ते ३० वॅटचा चांगला एलईडी ग्रो लाईट हवा, लाल आणि निळा असलेला, लाल ६६० नॅनोमीटरच्या आसपास आणि निळा ४५० च्या, कारण क्लोरोफिल तिथेच सगळ्यात जास्त शोषतं. जांभळ्या उजेडाचा त्रास होत असेल तर ६५०० केल्विनचा साधा पांढरा फ्लड लाईट पण मस्त चालतो, आणि शेवाळ कसं आहे ते डोळ्यांना खरं दिसतं हा त्याचा मोठा फायदा. पाण्यापासून १५-२० सेंटीमीटर वर ठेवा. पहिल्या आठवड्यात ६-७ तास, मग वाढवत १० ते १२ तासांवर न्या, एकदम १२ तास दिले तर दुसऱ्याच्या मंद टँकमधून आलेला चेटो पांढरा पडू शकतो.

टायमर लावा आणि उलटा लावा, म्हणजे डिस्प्लेचा लाईट सकाळी ११ ते रात्री ८ असेल तर रिफ्युजियमचा रात्री ९ ते सकाळी ७. रात्री सगळेच श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड वाढतो, पीएच उतरतो, आणि आपल्याकडे एसी लावून दारंखिडक्या बंद खोलीत चार माणसं झोपली की तो अजूनच उतरतो. त्या वेळी चेटो प्रकाशात असेल तर तो कार्बन डायऑक्साइड खेचतो आणि पीएच तेवढा सावरतो.

वायरिंगबद्दल हात जोडून सांगते, टँकखालच्या कपाटात एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर टाकू नका. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे सुकून प्लगवर मिठाचा थर चढतो, आणि त्यातून करंट वाहतो. बोर्ड भिंतीवर उंच, प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर जाईल अशी, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खाली गळून पडेल, आणि लाईनवर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. नसेल तर शेवाळ नंतर, आधी इलेक्ट्रिशियन.

पाणी आरओचं हे सगळ्यांना माहीत असतं, पण घरातल्या पिण्याच्या प्युरिफायरमध्ये बहुतेक वेळा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर किंवा मिनरलचं काडतूस असतं, चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतात, त्यामुळे नळीतून ५०-१०० टीडीएसचं पाणी येतं आणि त्याबरोबर नायट्रेट-फॉस्फेट पण. मेम्ब्रेननंतर लगेच वेगळी लाईन काढा, पुढे उरलेले क्षार ओढून घेणारं डीआय रेझिन लावा, मीटरवर ० आलं पाहिजे. खारटपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२५-१.०२६. बाष्पीभवनाने कमी झालेल्या पाण्यात फक्त आरओचं साधं पाणी घालायचं, मीठ उडून जात नाही.

तापमान २५-२६ ला ठेवता आलं तर भारीच. एप्रिल-मेमध्ये पाणी ३० च्या वर गेलं की चेटो पण मलूल होतो आणि ऑक्सिजन तर आधीच कमी असतो. चिलर परवडत नसेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर वारा मारणारे छोटे फॅन लावा, दोन-तीन डिग्री सहज उतरतात, मात्र मुंबईच्या दमट हवेत पुण्या-नागपूरपेक्षा कमी.

मोजायचं काय आणि कापायचं किती

टेस्ट किट घेताना एक बघा, काही किट नायट्रेट दाखवतात आणि काही नायट्रेट-नायट्रोजन, दुसरं असेल तर आलेला आकडा ४.४ ने गुणा, नाहीतर १० ला तुम्ही २ समजून निवांत बसाल. फॉस्फेटच्या रंग जुळवायच्या किटवर कमी आकडे नीट वाचता येत नाहीत, त्यासाठी हॅना कंपनीचा छोटा डिजिटल चेकर घ्याच. त्यात पण फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग) दाखवणारा असेल तर आकडा ३.०७ ने गुणून १००० ने भागायचा.

नायट्रेट २ ते १० पीपीएम (साधारण लिटरला मिलिग्रॅम) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम, या पट्ट्यात टँक आनंदात असतो. शून्य हे ध्येय नाही हो. दोन्ही शून्यावर नेलं की प्रवाळ फिके पडतात, चेटो विरघळायला लागतो, आणि त्या रिकाम्या जागेत डायनोफ्लॅजेलेट येतात, तपकिरी, चिकट, बुडबुडे धरलेली लाळ, आणि ती हेअर अल्गीपेक्षा दहापट त्रास देते.

आता कापणीचा हिशोब, हा मला फार आवडतो कारण यात सगळं दिसतं. हाताने घट्ट पिळलेला १०० ग्रॅम चेटो घ्या. त्यातलं कोरडं वजन ढोबळमानाने १० ग्रॅम. कोरड्या शेवाळात नायट्रोजन साधारण ३ टक्के, म्हणजे ०.३ ग्रॅम, त्याचं नायट्रेट झालं १.३ ग्रॅम. २०० लिटरमध्ये हे साडेसहा पीपीएमच्या आसपास येतं! फॉस्फरस ०.२ टक्के धरला तर फॉस्फेट ०.०६ ग्रॅम, म्हणजे ०.३ पीपीएम. शेवाळाच्या तब्येतीप्रमाणे हे आकडे वरखाली होतात, पण किती माल बाहेर काढला तर किती फरक पडेल याचा अंदाज येतो. मीटरवर फॉस्फेट एवढं उतरलेलं दिसणार नाही, कारण दगडात मुरलेलं फॉस्फेट बाहेर येऊन जागा भरत राहतं. जुन्या टँकमध्ये असं काही महिने चालतं, तेव्हा घाबरून वरून फॉस्फेट रिमूव्हर ओतू नका, कापत राहा.

याच हिशोबातून अजून एक गोष्ट निघते. अॅटकिन्सन आणि स्मिथ यांनी १९८३ मध्ये समुद्राच्या तळावरच्या वनस्पतींचं कार्बन-नायट्रोजन-फॉस्फरसच्या अणूंचं प्रमाण काढलं होतं, ते ५५०:३०:१ आलं. वजनात बदललं तर शेवाळ १ भाग फॉस्फेट घेताना जवळपास २० भाग नायट्रेट घेतं. म्हणजे तुमच्या टँकमध्ये नायट्रेट २ आणि फॉस्फेट ०.५ असेल तर चेटो ०.१ फॉस्फेट खाईपर्यंत नायट्रेट संपलेलं असेल, आणि मग तो तिथेच अडकेल, नुसताच उपाशी. “चेटो लावला तरी फॉस्फेट हलत नाही” या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. अशा वेळी उलटं वाटेल पण नायट्रेट घालायचं. चांगल्या प्रतीचं सोडियम नायट्रेट, १ ग्रॅम २०० लिटरला साधारण ३.६ पीपीएम देतं, म्हणून दिवसाला पाव ग्रॅम, आरओच्या पाण्यात विरघळवून, आणि रोज टेस्ट करून. नायट्रेट ५ ला स्थिर ठेवलं की फॉस्फेट खाली यायला लागतं.

कापणी आठवड्यातून किंवा दोन आठवड्यांतून एकदा, कप्पा दाटीने भरायच्या आधी. दाट झाला की गोळ्याच्या पोटात उजेड पोचत नाही, आतला भाग पांढरा पडून सडतो आणि खाल्लेलं सगळं परत सोडतो. अख्खा गोळा बादलीत घ्या, बादलीत टँकचंच पाणी, आणि जोरात झटका, पाणी मातकट होईल. अॅम्फिपॉड हातावर चालताना जाणवतील, गुदगुल्या होतात. ते पाणी थोडा वेळ ठेवलं की गाळ खाली बसतो, जीव वर तरंगत-पळत राहतात, तेवढं वरचं पाणी जाळीतून गाळून जीव परत टँकमध्ये सोडा. मग गोळ्यातला एक तृतीयांश, फार तर अर्धा, काढा. बाहेरचा की आतला? आतला जुना, फिका भाग काढा आणि बाहेरचा गडद हिरवा ठेवा. काढलेला पिळून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला आणि वहीत लिहा, शेजारी त्या दिवशीचं नायट्रेट-फॉस्फेट. दोन-तीन महिन्यांची अशी वही असली की टँक पुढे काय करणार हे तुम्हाला आधीच कळायला लागतं.

कापलेला चेटो टँगला खायला घातला तर चालतं, पण मग तो हिशोबात धरू नका, तो फिरून पाण्यातच आला. फेकायचा असेल तर गोड्या पाण्यात धुवून, उन्हात वाळवून ओल्या कचऱ्यात. कुंडीत घालायचा असेल तर मीठ नीट धुवा, नाहीतर तुळस जाईल.

चेटो बोलतो, नीट बघा

गडद हिरवा, ताठ, पकडला की दाबाला परत उसळणारा, म्हणजे सगळं ठीक. फिकट पिवळट झाला तर आधी नायट्रेट बघा, ते असेल तर लोह कमी आहे. लोह आणि मॅंगनीज पाणी बदलताना समुद्री मिठातून येतं, पण चेटो जोरात वाढत असेल तर पुरत नाही, रीफसाठीचं, म्हणजे प्रवाळाच्या टँकसाठीचं, लोहाचं डोसिंग बाटलीवर सांगितलेल्याच्या निम्म्याने सुरू करा. पारदर्शक-पांढरे धागे झाले तर ते मेले, लगेच काढा. चेटोवर हेअर अल्गी किंवा तपकिरी थर चढला तर वेग कमी आहे किंवा गाळ साठलाय, झटकून धुवा आणि पॉवरहेडचा कोन बदला. वर डिस्प्लेत हेअर अल्गी फोफावतेय आणि खाली चेटो ढिम्म, म्हणजे वरचा लाईट खालच्यापेक्षा भारी पडतोय, वरचा दोन तास कमी करा आणि खालचा वाढवा, आणि वरची हाताने उपटत राहा, चेटो उगवलेली हेअर अल्गी मारत नाही, फक्त तिचं जेवण पळवतो, त्याला वेळ लागतो.

माशांना व्हाइट स्पॉट झाला म्हणून मेन टँकमध्ये कॉपर (तांब्याचं औषध) कधीच टाकायचं नाही, चेटो जाईल, पॉड जातील, कोळंबी-गोगलगायी जातील. आजारी मासा वेगळ्या टँकमध्ये.

स्किमर बंद करू का, असं पण विचारतात. नका करू. स्किमर ऑक्सिजन देतो आणि घाण कुजायच्या आधी उचलतो, चेटो कुजल्यानंतरचं खातो. दोघं मिळून छान चालतात. फक्त फॉस्फेट रिमूव्हर, कार्बन डोसिंग (बॅक्टेरिया वाढवायला पाण्यात कार्बन घालणं) आणि चेटो तिन्ही एकदम चालू करू नका, कशाने काय झालं काहीच कळणार नाही आणि शून्यावर आपटाल.

गणपतीला आठ-दहा दिवस गावाला जाणार असाल तर निघायच्या दोन दिवस आधी कापणी करून घ्या, आदल्या दिवशी नको, राहिलेले सुटे धागे जाळीवर जमलेत का ते बघायला वेळ हवा. रिफ्युजियमचा लाईट ७-८ तासांवर आणा, कारण मासे कमी खाणार तर चेटोला पण कमी मिळणार. टॉप-अपची (बाष्पीभवनाची तूट भरून काढणारी) टाकी भरा, बॅटरीवरचा एअर पंप लावा, आणि शेजाऱ्याला खाण्याच्या रोजच्या पुड्या बांधून द्या, डबा अख्खा देऊ नका.

आणि जास्तीचा चेटो सगळाच फेकू नका, आपल्याकडे तो दुकानात सहजी मिळत नाही, हॉबीवाल्यांच्या हातातूनच फिरतो. मूठभर धुवून, टँकच्या पाण्यात भिजवलेल्या टिश्यूत गुंडाळून झिपच्या पिशवीत घाला, पाणी भरू नका, थोडी हवा ठेवा, सावलीत ठेवला तर एक-दोन दिवसांचा प्रवास झेपतो. देताना नीट तपासून द्या, बबल अल्गी-एप्टेसिया नाही ना, आणि कॉपर वापरलेल्या टँकमधला असेल तर अजिबात देऊ नका. लाईट बिघडून कधी तुमचा चेटो गेला तर त्याच माणसाकडून मूठभर परत मागता येईल.